चौदावा टेक: इंग्रजी बोलायला शिकवण्याच्या एका प्रयोगाचं प्रकरण

नववीचा वर्ग, 40 मुलं आणि 40 मिनिटांचा तास. हजेरी, वह्या आणि फळा यांत दहा मिनिटं जातात. उरलेल्या वेळातला निम्मा वेळ मी तोंड बंद ठेवलं (ठेवत नाही, हे कबूल), तरी बोलायला एकेका मुलाच्या वाट्याला अर्धं मिनिटसुद्धा येत नाही. इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येकाला हे गणित पाठ असतं. मुलं व्याकरणाच्या रिकाम्या जागा बिनचूक भरतात, उताऱ्यावरचे प्रश्न सोडवतात आणि 'काल काय केलंस?' एवढं इंग्रजीत विचारलं की बाकाकडे बघतात.

यावर मी शोधलेला उपाय फोनमधला होता. दर आठवड्याला एक विषय द्यायचा, प्रत्येकाने त्यावर एक मिनिट इंग्रजीत बोलायचं, रेकॉर्ड करायचं आणि वर्गाच्या ऑनलाइन फोल्डरमध्ये टाकायचं. ज्यांच्या घरी फोन मोकळा नसतो त्यांच्यासाठी शाळेतले दोन टॅब मोठ्या सुट्टीत ग्रंथालयाच्या कोपऱ्यात ठेवले. पालकांची लेखी संमती घेतली. मुलांचे आवाज कायमचे साठवून ठेवायचे नाहीत, वर्ष संपलं की सगळं पुसायचं, हेही तेव्हाच ठरवलं. प्रत्येक फाईलला दहापैकी गुण होते, उच्चार, व्याकरण, ओघ आणि वेळ पाळणं यांचे. गोची या गुणांतच होती, पण ते कळायला आठ आठवडे गेले.

ते आठ आठवडे फार छान होते. पहिल्या आठवड्यातल्या फायली अडखळत्या होत्या, काही तर पंधरा सेकंदांत संपलेल्या. चौथ्यापासून सूर सापडला आणि आठव्यात मी ऐकताना चक्क खूश होत होते. वाक्यं पूर्ण होती, काळ जुळत होते, 'नेव्हरदलेस'सारखे शब्द येत होते. शिक्षक खोलीत दोन फायली मी सहकाऱ्यांना ऐकवल्यासुद्धा.

व्हिडिओ कॉल

नवव्या आठवड्यात दुसऱ्या एका शाळेतल्या त्याच वयाच्या वर्गाशी व्हिडिओ कॉल ठरला. विषय मुद्दाम आठव्या आठवड्याचाच ठेवला होता, 'मला आदर वाटतो अशी व्यक्ती'. सगळ्यांची तयारी झालेली होतीच. जिची फाईल सगळ्यांत सुरेख होती तिला मी पहिल्यांदा पुढे केलं. पलीकडच्या मुलाने हसून विचारलं, 'हू डू यू ॲडमायर?'

ती स्क्रीनकडे बघत राहिली. मग मान वळवून मला हळूच म्हणाली, "मॅडम, काय बोलू?"

नेट व्यवस्थित होतं, माइकही चालू होता. तिच्यानंतर पाच जण आले. सगळ्यात लांब उत्तर तीन शब्दांचं होतं.

कॉल रेकॉर्ड केलेला होता. घरी जाऊन तो मी पुन्हा पाहिला आणि आधी स्वतःचाच राग आला. पलीकडून प्रश्न आला की जेमतेम सेकंदभर शांतता व्हायची आणि लगेच माझा आवाज: 'टेल हिम अबाउट युवर आजी!' मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने 1970च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली होती. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात आणि ते तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांबतात, असं त्यांना आढळलं होतं. हे मी बीएडला लिहून गुण मिळवले होते. तेव्हा वर्गातली शांतता थोडी माझ्यामुळेही होती. पण थोडीच. सेकंदभरात मी मधे पडले म्हणून फाईलमधलं ते सगळं इंग्रजी नाहीसं होणार नव्हतं.

श्वास कुठे घेतला

मग मी त्या सुरेख फायली हेडफोन लावून पुन्हा ऐकल्या. गुण देण्यासाठी ऐकत नव्हते, नुसतं ऐकत होते. हळूहळू गोष्टी कानावर यायला लागल्या. एका फाईलमध्ये 'बिकॉज' आणि पुढचा शब्द यांच्यामध्ये कागद उलटल्याची सळसळ होती. दुसरीत मुलगा श्वास घेत होता तो वाक्य संपल्यावर नाही, अर्थाच्या तुकड्यावरही नाही, भलतीकडेच. म्हणजे वहीतली ओळ जिथे संपत होती तिथे. आपण मनातलं बोलतो तेव्हा पुढे काय म्हणायचं ते शोधायला थांबतो. ही मुलं पुढची ओळ शोधायला थांबत होती. आणि उच्चार! 'वेड-नेस-डे', 'कम-फर-टे-बल', प्रत्येक अक्षराला सारखा जोर. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून घेतला की तो असाच वाचला जातो. आपल्या लिपीत जोडाक्षरं आहेत, काना-मात्रा आहेत, पण शब्दातल्या कोणत्या अवयवावर आघात द्यायचा हे दाखवायची सोय नाही, कारण मराठीत त्याने अर्थ बदलत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला विचारलं. रागावणार नाही असं आधी सांगितलं, तेव्हा तिने सगळी रीत सांगितली. मराठीत परिच्छेद लिहायचा. तो भाषांतराच्या ॲपमध्ये टाकायचा. आलेलं इंग्रजी ॲपकडूनच वाचून घ्यायचं आणि ऐकत ऐकत वहीत देवनागरीत उतरवायचं. मग वही समोर धरून रेकॉर्ड करायचं.

"आणि एकदाच रेकॉर्ड करतेस?"

"छे! चौदा वेळा केलं, मॅडम. तेरावं मस्त झालं होतं, पण मधेच आईने हाक मारली."

इतरांना विचारल्यावर कळलं की वर्गातल्या बहुतेकांची रीत थोड्याफार फरकाने हीच आहे. भाषांतराचं यंत्र वाईट असतं तर हे आधीच उघडं पडलं असतं. पण गूगलच्या भाषांतराने 2016 मध्ये 'न्यूरल' पद्धत (तुकड्यांऐवजी अख्खं वाक्य एकदम बघून भाषांतर करणारी) आणली, पुढच्याच वर्षी मराठीलाही ती लागू झाली, आणि तेव्हापासून साधा परिच्छेद बऱ्यापैकी सरळ इंग्रजीत येतो. 2022 च्या अखेरीस चॅटबॉट आल्यावर तर मराठी परिच्छेदही मुलाने लिहायची गरज उरली नाही.

पकडायचं की नाही

माझी पहिली ऊर्मी पोलिसी होती. एका सहकाऱ्याने यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखणारी साधनं सुचवली. मी त्या वाटेने गेले नाही आणि त्याचं कारण नैतिक कमी, व्यवहारी जास्त होतं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःचंच असं साधन जुलै 2023 मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केलं होतं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं टोफेल परीक्षेतल्या, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी लिहिलेल्या निबंधांवर तपासली. माणसांनी लिहिलेले अर्ध्याहून अधिक निबंध त्यांनी यंत्राचे ठरवले. मोजकी शब्दसंपदा आणि सरळ वाक्यं ही त्या साधनांना यंत्राची खूण वाटते. माझी सगळीच मुलं तसं लिहितात. शिवाय इथे कागद माझ्या हातात येतच नव्हता, येत होता तो आवाज.

पण खरं सांगायचं तर मला अडकवलं ते त्या आकड्याने. चौदा वेळा. वर्गात एक वाक्य दुसऱ्यांदा म्हणायला सांगितलं की 'मॅडम, झालं ना एकदा' असं तोंड करणारी मुलगी घरी, कुणी न सांगता, तोच परिच्छेद चौदा वेळा म्हणत होती. भाषाशिक्षणात इतकी आवृत्ती फुकटात मिळत नाही. तेरा टेक, म्हणजे रेकॉर्डिंगचे तेरा प्रयत्न, कचऱ्यात जात होते आणि मी चौदाव्याला गुण देत होते.

मग इतक्या आवृत्तीनंतरही कॉलवर तोंड का उघडलं नाही? भाषेच्या मानसशास्त्राचे अभ्यासक विलेम लेव्हेल्ट यांनी 1989 मध्ये बोलण्याच्या क्रियेचं एक प्रारूप मांडलं. त्यात ढोबळमानाने तीन कामं आहेत. काय सांगायचं ते ठरवणं, ते शब्दांत आणि वाक्यात बसवणं आणि तोंडाने उच्चारणं. मातृभाषेत मधलं काम नकळत होतं. परक्या भाषेत सगळा दम तिथेच लागतो. वहीतून वाचताना पहिलं काम मराठीत झालेलं होतं, दुसरं ॲपने केलेलं होतं आणि चौदा वेळा सराव झाला तो फक्त तिसऱ्याचा. मुलीने मेहनत केली होती यात शंका नाही. पण तिच्या तोंडाची मेहनत झाली. जे काम कॉलवर करावं लागणार होतं ते तिने एकदाही केलेलं नव्हतं.

आवृत्ती ठेवली, वही काढली

भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या लेखनातून अनेक शिक्षकांना माहीत झालेला '4/3/2' नावाचा एक जुना उपक्रम आहे. एकाला चार मिनिटं सांगायचं, तेच दुसऱ्याला तीन मिनिटांत, तेच तिसऱ्याला दोन मिनिटांत. श्रोता दरवेळी नवा, म्हणून तेच सांगायला कंटाळा येत नाही. पहिल्या वेळी काय सांगायचं यात डोकं गुंतलेलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ते ठरलेलं असतं, त्यामुळे लक्ष शब्दांकडे वळतं आणि वेळ कमी असल्याने ओघ येतो. यात कागद नसतो.

आमच्या मुलांना चार मिनिटं म्हणजे अनंतकाळ. म्हणून वर्गात जोड्या बदलत 90 सेकंद, मग 60, मग 45 असं केलं. वीस मुलं एकदम बोलतात, गोंगाट होतो, शेजारच्या वर्गाची तक्रार येते, हे गृहीत धरावं लागतं. घरच्या रेकॉर्डिंगचा नियमही बदलला. वही बंद. समोर जास्तीत जास्त पाच शब्द किंवा एक चित्र. टेक तीनच, आणि मला पहिला आणि तिसरा असे दोन्ही पाठवायचे. गुण कशालाच नाहीत. पाठवलं की नोंद, एवढंच. भाषांतराचं ॲप चालेल, पण बोलून झाल्यावर: पहिल्या टेकमध्ये जो शब्द अडला तो बघायचा आणि तिसऱ्यात वापरायचा. एका मुलासाठी मात्र नियम मोडला. तो बोलताना तोतरतो. बंद खोलीत, कुणी ऐकत नसताना, हवे तितके टेक हाच त्याच्यासाठी या सगळ्यातला मोठा फायदा होता. तो मी काढून घेतला नाही.

पहिले तीन आठवडे भयाण गेले. फायलींत वीस-वीस सेकंदांची शांतता, 'अं… अं…', मधेच मराठी. एक वडील भेटायला आले. "मॅडम, आधी मुलगी फाडफाड बोलायची, आता अडखळायला लागली. आधीची रेकॉर्डिंगं आम्ही सगळ्या नातेवाइकांना पाठवत होतो." त्यांना काय सांगावं हे मला पटकन सुचलं नाही. मी त्यांना त्याच आठवड्याचे तिचे दोन टेक ऐकवले. पहिल्यात ती एका वाक्यावर नऊ सेकंद थांबली होती, तिसऱ्यात दोन. ते म्हणाले, "पण वाक्य चुकीचंच आहे ना?" होतं चुकीचं. त्यांची पूर्ण समजूत पटली असं मी म्हणणार नाही.

चुकांचं काय करायचं हा प्रश्न त्यांच्याइतकाच मलाही होता. आधी मी प्रत्येक फाईलखाली दहा-अकरा दुरुस्त्या लिहीत असे आणि पुढच्या आठवड्यात त्याच चुका पुन्हा येत. लिस्टर आणि रांता या संशोधकांचा 1997 चा कॅनडातल्या फ्रेंच वर्गांचा अभ्यास यावर प्रसिद्ध आहे. शिक्षक सर्वांत जास्त करतात ते म्हणजे चुकलेलं वाक्य स्वतःच दुरुस्त करून म्हणून दाखवणं, आणि मुलं सर्वांत कमी प्रतिसाद देतात तेही त्यालाच. मुलाला स्वतः दुरुस्त करायला लावणाऱ्या इशाऱ्यांना प्रतिसाद जास्त मिळतो. माझ्या अकरा दुरुस्त्या म्हणजे मीच सोडवलेला गृहपाठ होता. म्हणून आता फक्त वेळ लिहू लागले: '0:23. इथे परत ऐक. हे काल झालं की रोज होतं?' मुलाने ऐकायचं, स्वतः शोधायचं आणि तेवढं वाक्य पुन्हा पाठवायचं. समोरासमोरच्या तासात हे जमतच नाही. हवेत गेलेलं वाक्य कुणाला आठवत नाही, आणि 'मी असं म्हणालोच नाही' यावर वाद होतो. रेकॉर्डिंगचं खरं मोल मला इथे दिसलं. बोलणं थांबवून त्याच्याकडे बघता येतं.

दोन टेक म्हणजे 80 फायली, हे एका माणसाचं काम नव्हे. आठवड्याला दहा मुलांचं नीट ऐकायचं, बाकीच्यांचं जोडीदाराने ऐकायचं, असा फेरा लावला. गेमसारख्या प्रश्नमंजूषेच्या ॲपचा मोह याच काळात झाला, कारण ती स्वतः तपासते. पण तिथे चार पर्यायांतून बोट लावायचं असतं, वाक्य कुणीच बनवत नाही. शब्दांच्या उजळणीला ती ठीक आहे.

यंत्राला ऐकू आलेलं

एक साधन आणलं आणि निम्मं परत ठेवलं. मुलांनी बोलावं आणि त्यांचं बोलणं समोर टाइप होताना दिसावं, म्हणून गूगल डॉक्समधलं व्हॉइस टायपिंग सुरू केलं. कल्पना अशी की यंत्राने चुकीचं लिहिलं म्हणजे उच्चार चुकला. कल्पना भाबडी होती. मराठीत 'व' एकच, म्हणून 'वेस्ट' म्हटलं की पश्चिम की गंजीफ्रॉक हे इंग्रजी कानाला कळत नाही. सुटा शब्द म्हटला तर यंत्र कधी हे लिही, कधी ते. पण 'सूर्य पश्चिमेला मावळतो' हे पूर्ण वाक्य इंग्रजीत म्हटलं की उच्चार कसाही असो, बरोबरच लिहिलं जाई. यंत्र आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधतं. त्याच सवयीने एका मुलीचं 'शी गो' कधी कधी गुपचूप 'शी गोज' होऊन उमटत होतं आणि तिला वाटत होतं की आपलं बरोबर आहे. उलट बाजूही आहे. 2020 मध्ये पाच मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणा अमेरिकेत तपासल्या गेल्या, तेव्हा गोऱ्या बोलणाऱ्यांच्या शंभर शब्दांमागे सुमारे 19 आणि कृष्णवर्णीयांच्या सुमारे 35 चुका निघाल्या होत्या. म्हणजे मातृभाषा इंग्रजीच असलेल्यांनाही यंत्र सारखं ऐकत नाही.

हे सगळं वाचून माहीत होतं. थांबवलं ते मात्र एका मुलामुळे. तो 'माय नेम इज…' म्हणून स्वतःचं नाव सांगत होता आणि यंत्र दरवेळी भलताच इंग्रजी शब्द लिहीत होतं. पाचव्यांदा त्याने स्वतःच्या नावाचा उच्चार मोडून-वाकवून केला, यंत्राला पटेल असा. मी तिथेच लॅपटॉप बंद केला. युरोपीय परिषदेच्या भाषा-आराखड्याची जी पुरवणी 2020 मध्ये आली, तिने उच्चाराच्या मोजपट्टीतून मातृभाषकासारखा उच्चार हा आदर्श काढून टाकला आणि ऐकणाऱ्याला कळणं हा निकष ठेवला. आणि इथे माझा विद्यार्थी यंत्रासारखं बोलायला शिकत होता, तेही स्वतःच्या नावाच्या बाबतीत.

व्हॉइस टायपिंग आता एकाच कामाला ठेवलंय. तिसऱ्या टेकचा मजकूर उमटवून घ्यायचा आणि जोडीने बसून 'मी खरंच असं म्हणालो का?' हे रेकॉर्डिंगशी ताडून बघायचं. यंत्राने गुपचूप दुरुस्त केलेली जागा जो शोधेल तो जिंकला. यात मुलं 'गो' आणि 'गोज' इतके कान देऊन ऐकतात, की मी फळ्यावर काढलेल्या तक्त्याकडे त्यांनी तसं कधी पाहिलेलं नाही.

दुसरा कॉल

वर्ष संपताना त्याच शाळेशी पुन्हा कॉल झाला. यावेळी विषय आधी सांगितला नाही आणि मी वर्गाच्या मागे, माइकपासून लांब बसले. तीच मुलगी पुढे होती. ती शिकवणाऱ्या मावशीबद्दल बोलली. 'शी टीच्ड मी' म्हणाली, दोनदा अडली, एकदा हातवारे केले. पलीकडच्या मुलाने अचानक विचारलं की मावशी रागावते का. शांतता झाली. मी खुर्चीची कड धरून बसले. साधारण पाच सेकंदांनी ती म्हणाली, "वेट, आय ॲम थिंकिंग." मग उत्तर दिलं.

सगळ्यांचं असं झालं नाही. सहा-सात जण अजूनही एका शब्दात उत्तर देतात. टॅबवर अवलंबून असलेल्या मुलांना सुट्टीच्या गोंधळात धड तीन टेकही मिळत नाहीत आणि त्यांच्या फायलींत तो फरक ऐकू येतो. त्यावर मला अजून नीट उपाय सापडलेला नाही. शाळा सुटल्यावरची वीस मिनिटं मिळतात का ते बघतेय.

आणि अधूनमधून 'पहिला टेक' म्हणून येणारी एखादी फाईल फारच गुळगुळीत असते. मी काही म्हणत नाही. हेडफोन लावते आणि श्वास कुठे घेतलाय तेवढं ऐकते.